मोटारीची विमा कंपनी बदलताना संरक्षणात खंड नको
विमापत्रावरील तारीख, वेळ आणि क्रम सांभाळला तर बदल सोपा. चुकला तर सारा भार वाहनमालकावर

बेज्जूरहून कागजनगरकडे निघालेली मोटार रानातल्या वळणावर एखाद्या दुचाकीला धडकली, तर जखमींची व्यवस्था लागल्यानंतर पोलीस ठाण्यात जे प्रश्न विचारले जातात त्यांत एक हमखास असतो : गाडीचा विमा चालू आहे का? या प्रश्नाचे उत्तर विमापत्रावरील तारीख आणि वेळ देते. विमा काल रात्री संपला असेल आणि नव्या कंपनीचा विमा उद्यापासून सुरू होणार असेल, तर आजच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती गाडी विनाविमा असते. मालकाने वर्षानुवर्षे हप्ते भरले होते, या गोष्टीचा त्या दिवशी काहीही उपयोग होत नाही.

कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील बेज्जूर हे पूर्वीच्या एकत्रित आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे मंडल. प्राणहितेच्या पलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. अशा भागात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दवाखाना, महाविद्यालय, बाजार आणि सोयरीक या सर्वांसाठी ती लागते. दरवर्षी हप्ता वाढत गेला, दाव्याच्या वेळी समाधान झाले नाही किंवा दुसरीकडे कमी दर मिळाला, की कंपनी बदलण्याचा विचार होतो. तसा बदल करण्याचा वाहनमालकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र जुन्या विम्याचा शेवट आणि नव्याचा आरंभ यांच्यामध्ये मोकळी जागा राहू नये, हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

पस्तीस मिनिटांची किंमत

विम्याचा आरंभ केव्हा होतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेकदा गेला आहे. १९९० च्या 'न्यू इंडिया अॅशुरन्स विरुद्ध रामदयाल' या निवाड्यात न्यायालयाने असे म्हटले, की विमापत्रावर केवळ तारीख असेल आणि वेळ नमूद नसेल, तर त्या तारखेच्या आरंभापासून म्हणजे मध्यरात्रीपासून विमा लागू धरावा. त्यामुळे काही वाहनमालकांचा असा समज झाला, की अपघाताच्या दिवशीच विमा उतरविला तरी चालते.

पुढे 'ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध सुनीता राठी' या खटल्यात हा समज दूर झाला. त्या प्रकरणातील अपघात १० डिसेंबर १९९१ रोजी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी झाला होता आणि विमा घेतल्याची नोंद त्याच दिवशी दुपारी २ वाजून ५५ मिनिटांची होती. अपघात आधी आणि विमा नंतर, तोही अवघ्या ३५ मिनिटांनी. वेळ स्पष्ट नमूद असल्यामुळे त्या अपघाताचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, ते वाहनमालकाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

आज संगणकावर तयार होणाऱ्या प्रत्येक विमापत्रावर आरंभाची व समाप्तीची तारीख वेळेसह छापलेली असते. त्यामुळे संशयाचा फायदा मिळण्याची शक्यता उरलेली नाही. शिवाय १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते, की हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. 'पैसे उद्या देतो, विमा आजपासून धरा' असा व्यवहार कायद्याला मान्य नाही.

खंडाच्या काळात अपघात झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती संपूर्ण भरपाई मालकाला स्वतःच्या पदरची द्यावी लागते. कमावत्या माणसाचा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व असेल तर ही रक्कम मोटारीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, म्हणजे शेत आणि घर दोन्ही पणाला लागतात. दुसरीकडे, मालकाची ऐपत नसेल तर मृताच्या कुटुंबाला निवाडा मिळूनही पैसे मिळत नाहीत. विम्याची सक्ती आहे ती मुख्यतः या कुटुंबासाठी. कलम १४६ ने तृतीय पक्ष विमा अनिवार्य केला असून, तो नसताना गाडी चालविल्यास कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० आणि त्यानंतर ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

एक गाडी, दोन तारखा

कंपनी बदलताना सर्वाधिक घोटाळा होतो तो विम्याचे दोन भाग वेगळे न ओळखल्यामुळे. पहिला भाग तृतीय पक्ष विम्याचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई या भागातून होते. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला बोलीभाषेत 'ओडी' म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर यांमुळे आपल्या गाडीला झालेली हानी या भागात येते. हा भाग ऐच्छिक आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वनुकसानीचा भाग मात्र साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. परिणामी एकाच गाडीच्या कागदावर समाप्तीच्या दोन वेगवेगळ्या तारखा दिसतात.

उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०२३ मध्ये घेतलेल्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि स्वनुकसानीचा विमा ऑक्टोबर २०२४ पर्यंत असतो. २०२४ आणि २०२५ मध्ये मालक केवळ स्वनुकसानीचा विमा दुसऱ्या कंपनीकडून घेऊ शकतो. सप्टेंबर २०१९ पासून असा स्वतंत्र विमा उपलब्ध आहे. तृतीय पक्ष विमा जुन्याच कंपनीकडे चालू राहतो. या टप्प्यावर घाईने सर्वसमावेशक विमापत्र घेतले, तर तृतीय पक्ष विम्याचे पैसे दोनदा भरले जातात.

उलट धोका २०२६ मध्ये उभा राहतो. दोन वर्षे केवळ स्वनुकसानीचा विमा घेण्याची सवय झालेली असते. तिसऱ्या वर्षीही तेवढाच घेतला, तर हातात चालू विमापत्र असूनही अनिवार्य भाग संपलेला असतो. म्हणून कंपनी बदलण्यापूर्वी विमापत्रावरील दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात. मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची तारीख ही तिसरी. तीही त्याच वेळी पाहावी.

तृतीय पक्ष विम्याचा मूळ दर केंद्र सरकार ठरविते, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार खासगी मोटारीसाठी तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. त्यामुळे कंपनी बदलून बचत होते ती केवळ स्वनुकसानीच्या भागात आणि पूरक संरक्षणांत.

नव्वद दिवसांचा गैरसमज

'विमा संपला तरी ९० दिवस मिळतात' हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. ९० दिवसांची सवलत नो क्लेम बोनस टिकविण्यासाठी आहे. त्या काळात गाडीला विम्याचे संरक्षण नसते. मुदत संपल्याच्या क्षणी जोखीम मालकाकडे येते आणि नवे विमापत्र सुरू होईपर्यंत त्याच्याकडेच राहते.

हा बोनस म्हणजे दावा न केल्याबद्दल स्वनुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट. सलग दावारहित वर्षांच्या संख्येनुसार ती २०, २५, ३५, ४५ आणि अखेरीस ५० टक्के होते. समजा, एखाद्या गाडीचा सूट देण्यापूर्वीचा स्वनुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे. ५० टक्के बोनस असल्यास ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर मिळून ४,७२० रुपये भरावे लागतात. मुदत संपून ९० दिवस उलटले, तर बोनस शून्यावर येतो आणि त्याच विम्यासाठी ९,४४० रुपये मोजावे लागतात. पाच वर्षे सांभाळून चालविलेल्या गाडीचे फळ असे एका विसराळूपणात जाते.

कंपनी बदलली म्हणून बोनस जात नाही. तो गाडीच्या मालकाचा असतो आणि त्याच्याबरोबर नव्या कंपनीकडे जातो. त्यासाठी जुन्या विमापत्राची प्रत किंवा नूतनीकरणाची सूचना द्यावी लागते. मात्र चालू वर्षात दावा केला असेल तर तो लपवू नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे पडताळणी करते आणि खोटी माहिती उघड झाल्यास स्वनुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. काही वेळा अर्ज भरणारा मध्यस्थच हप्ता कमी दाखविण्यासाठी बोनसच्या रकान्यात मनाने आकडा टाकतो. त्या अर्जाखालील घोषणा मालकाच्या नावाने असते, हे ध्यानात ठेवून प्रत्येक रकाना वाचून पाहावा.

मुदत संपताना बदल : सर्वांत सुरक्षित मार्ग

कंपनी बदलण्याची योग्य वेळ म्हणजे नूतनीकरणाची. या वेळी जुने विमापत्र रद्द करण्याचा प्रश्नच येत नाही. ते आपोआप संपते. बहुतेक विमापत्रे समाप्तीच्या दिवशी मध्यरात्री संपतात. नवे विमापत्र त्याच मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या क्षणी सुरू झाले पाहिजे. जुने १४ तारखेच्या मध्यरात्री संपत असेल, तर नव्यावर '१५ तारीख, ००.०० वाजता' अशी नोंद हवी. ती १६ तारखेची असेल, तर पूर्ण एक दिवस गाडी उघडी पडली असे समजावे.

यासाठी मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी कामाला लागणे हिताचे. दर मागविणे, तुलना करणे, कागद देणे आणि हप्ता भरणे यांना वेळ लागतो; नेटवर्क अधूनमधून जाणाऱ्या भागात तो अधिकच लागतो. हप्ता आधी भरला म्हणून जुन्या विम्याचे उरलेले दिवस वाया जात नाहीत, कारण नव्याचा आरंभ पुढील तारखेपासून ठेवता येतो. हप्ता धनादेशाने देण्यापेक्षा थेट कंपनीच्या खात्यात ऑनलाइन भरणे बरे. धनादेश न वटल्यास कंपनी विमापत्र रद्द करू शकते आणि तशी सूचना मालकाला मिळाल्यानंतर झालेल्या अपघाताचे दायित्व कंपनीवर राहत नाही, असे २००७ च्या 'देद्दप्पा' निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

पैसे भरल्याची पावती म्हणजे विमापत्र नव्हे. विमापत्र हाती आल्यावर नोंदणी क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक, मालकाचे नाव, इंधनाचा प्रकार आणि दोन्ही भागांच्या तारखा आरसी बुकाशी ताडून पाहाव्यात. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे नाव नव्या विमापत्रावर आले आहे का, सीएनजी किंवा एलपीजी किट बसविले असल्यास त्याची नोंद झाली आहे का, हेही बघावे. बनावट विमापत्रे विकली जाण्याचे प्रकारही घडतात. म्हणून कागदावरील क्यूआर संकेत तपासावा किंवा विमापत्राचा क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून खात्री करावी. बनावट कागद बाळगणारी गाडी विनाविमाच असते.

मुदतीच्या मध्येच बदल करायचा असल्यास

वर्ष पूर्ण होण्याआधीही कंपनी बदलता येते. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार ग्राहक कारण न देता विमापत्र रद्द करू शकतो आणि वर्षभराच्या विम्यात दावा झालेला नसेल, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. स्वनुकसानीसाठी ६,००० रुपये भरले आणि चार महिन्यांनी विमा रद्द केला, तर उरलेल्या आठ महिन्यांचे सुमारे ४,००० रुपये परत येतील, असा ढोबळ हिशेब.

येथे क्रम निर्णायक ठरतो. आधी नवा विमा घ्यावा, विमापत्र हाती आल्याची खात्री करावी, त्याचा आरंभ झालेला असावा आणि मगच त्याची प्रत जोडून जुना विमा रद्द करण्याचा अर्ज द्यावा. तृतीय पक्ष विमा तर गाडीला दुसरे संरक्षण असल्याच्या पुराव्याशिवाय रद्द होत नाही. दोन्ही विमे काही दिवस एकाच वेळी चालू राहिले तरी हरकत नाही. त्या थोड्या दिवसांचा खर्च खंडाच्या धोक्यापुढे नगण्य आहे. चालू वर्ष पूर्ण न झाल्याने त्या वर्षाची बोनसमधील वाढ मात्र मिळत नाही. म्हणून मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील, तर थांबणे बहुधा फायद्याचे ठरते.

कमी हप्त्यामागे काय दडले आहे?

खंड केवळ तारखांतच पडतो असे नाही. कंपनी बदलताना एखादे संरक्षण गळून पडले, तर तोही एक प्रकारचा खंडच. दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करताना गाडीचे विमामूल्य दोन्हीकडे सारखे धरले आहे का, हे प्रथम पाहावे. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम या मूल्यावर ठरते. ते कमी दाखविले की हप्ता आपोआप कमी दिसतो. दाव्याच्या वेळी मालकाने स्वतः सोसायची रक्कम वाढवूनही हप्ता खाली आणता येतो.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा. पुराने गाडीची झालेली हानी सर्वसाधारण स्वनुकसानीच्या विम्यात येते, परंतु पाण्यात उभी गाडी सुरू केल्याने इंजिन निकामी झाल्यास तो खर्च बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षण हे पूरक कलम लागते. जुन्या विम्यात ते होते आणि नव्यात नाही, ही गोष्ट पावसाळ्यात प्राणहितेला पूर आल्यावर कळून उपयोग नाही. घसारा न धरता भरपाई देणाऱ्या पूरक संरक्षणाचेही तसेच. एका वर्षी ते सुटले, तर पुढील वर्षी पुन्हा देण्यापूर्वी कंपनी गाडीची तपासणी मागू शकते किंवा नकारही देऊ शकते. रोख रकमेविना दुरुस्ती करून देणारी त्या कंपनीची गॅरेजे कोठे आहेत, हा प्रश्नही आधी विचारावा. सर्वांत जवळचे गॅरेज हैदराबादला असेल, तर वाचलेले हजार रुपये गाडी ओढून नेण्यातच जातील.

सीमेपलीकडून घेतलेली मोटार

सीमाभागात जुन्या मोटारींचे व्यवहार दोन्ही राज्यांत होतात. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत नोंदलेली एमएच ३४ अथवा एमएच ३३ क्रमांकाची गाडी इकडे विकत घेतली जाते. अशा वेळी विमा कंपनी तीच राहते. बदलतो तो मालक. तरीही खंड पडू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर तृतीय पक्ष विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते आणि त्याने १४ दिवसांत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. स्वनुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या 'कम्प्लीट इन्सुलेशन्स' निवाड्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे विमापत्रावर जुन्याच मालकाचे नाव ठेवून गाडी चालविणाऱ्याला स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागताना अडचण येते.

विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. आरसी बुकावर ज्याचे नाव तो कायद्याच्या दृष्टीने मालक, असे २०१८ च्या 'नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार' निवाड्यात ठरले आहे. त्या प्रकरणात गाडी अनेक हातांतून गेलेली असूनही भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. विकणाऱ्याचा बोनसही गाडीबरोबर जात नाही. त्याने आपल्या कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेऊन ठेवल्यास तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीसाठी ते वापरता येते.

मुदत उलटूनच गेली असेल तर

तारीख चुकल्याचे लक्षात येताच गाडी आहे तेथे उभी करावी. तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठीही ती रस्त्यावर आणणे म्हणजे विनाविमा चालविणेच. कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन गाडी पाहू शकतो किंवा भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे व चित्रफीत मागविली जाते. नेटवर्क पुरेसे नसेल, तर प्रतिनिधीला घरीच येण्याची विनंती करावी. तपासणीत आढळलेले जुने ओरखडे व तुटफूट नव्या विम्यातून वगळली जाते. नव्या विमापत्रावर छापलेली आरंभाची वेळ येईपर्यंत किल्ली खुंटीलाच राहू द्यावी.

तक्रार कोठे करावी?

जुनी कंपनी परतावा अडवीत असेल किंवा नवी कंपनी बोनस नाकारीत असेल, तर प्रथम त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. समाधान न झाल्यास प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर दाद मागता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादलाच आहे आणि तेलंगणासाठीच्या लोकपालांचे कार्यालयही तेथेच आहे. लोकपालांकडे तक्रार करण्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही गरज नसते.

परताव्याचा किंवा बोनसचा वाद असा पुढे मिटविता येतो. विमा चालू नसताना झालेल्या अपघाताला मात्र मागाहून कोणताही विमा लावता येत नाही. म्हणून नव्या विमापत्राची छापील प्रत गाडीत ठेवली जाईपर्यंत आणि त्यावरील वेळ सुरू होईपर्यंत जुना विमा मोडू नये.